उत्तरेकडची भिंत

नलिनीताई ढवळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चॅपेलच्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या. भर दुपार होती. विद्यापीठाच्या आवारातलं ते लहानसं दगडी प्रार्थनामंदिर बघायला मी एकटीच आत शिरले होते आणि समोर पन्नाशीची एक बाई भिंतीला गाल लावून पडलेली. चक्कर येऊन पडल्या असाव्यात असं वाटून माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"मराठी आहेस ना? मग हा टॉर्च धर," त्या म्हणाल्या. "भिंतीला चिकटवून. अजून खाली घे. हां, आता पाहा काय दिसून राहिलंय."

समोरून कोरा वाटणारा दगड तिरक्या उजेडात बोलका झाला होता. त्यावर बोटभर लांबीची, बाणासारखी एक खूण होती. सातआठशे वर्षांपूर्वी तो दगड घडवणाऱ्या पाथरवटाने आपलं काम ओळखू यावं म्हणून छिन्नीने कोरलेली. मी कोल्हापूरला आर्किटेक्चर शिकलेली, पुण्यात सात वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केलेली. मध्ययुगीन वास्तुकला आणि इतिहास शिकायला अमेरिकेतल्या या जुन्या विद्यापीठात येऊन मला तीनच दिवस झाले होते. इथला पहिला धडा मला फरशीवर उकिडवं बसून मिळाला.

निघताना मी त्यांना "काकू" म्हटलं, तर त्या थांबल्या. "काकू म्हणू नकोस. मी तुझ्याच वर्गात बसते." म्हणून त्या ताई झाल्या. त्यांच्या नवऱ्याला मात्र मी सवयीने काका म्हणत राहिले आणि हा नात्याचा घोटाळा शेवटपर्यंत तसाच राहिला.

ताई मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर न्यू जर्सीत आल्या, पिस्कॅटवेला घर केलं आणि बावीस वर्षं बँकांचे डेटाबेस सांभाळले. एकुलत्या मुलीला कॉलेजं दाखवत फिरताना त्या या विद्यापीठात आल्या. हे चॅपेल मुळात फ्रान्समधलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका धनिकाने ते विकत घेऊन उतरवलं, दगडांवर नंबर टाकून जहाजाने आणलं आणि इथे पुन्हा उभं केलं. माहिती देणारी मुलगी म्हणाली, की यातला प्रत्येक दगड आपल्या मूळ जागी आहे. ताईंनी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, प्रोफेसरांना विचारा. ताईंनी खरंच पत्र लिहिलं. मुलगी दुसऱ्याच कॉलेजात गेली. आई मात्र दोन वर्षांनी नोकरी सोडून इथे दाखल झाली, त्याच प्रोफेसरांच्या हाताखाली पीएचडी करायला.

एडिसनला ओक ट्री रोडवर भाजी घेताना कुणीतरी ओळखीचं भेटायचंच आणि विचारायचं, "आपली हेमाडपंती देवळं सोडून तुम्हाला चर्चचं काय पडलंय?" ताई भेंडी निवडता निवडता सांगायच्या, "बावीस वर्षं यांच्या बँका सांभाळल्या, तेव्हा नाही कोणी विचारलं, की आपल्या बँका सोडून यांच्या काहून?" समोरचा हसून पुढे जायचा. मला त्या वेगळं सांगायच्या. "हे बघ मेघना, दगड म्हणजे माझ्यासाठी रेकॉर्ड. प्रत्येकाला आयडी आहे, जागा आहे, कुठून आला ते आहे. आणि डेटा रुसत नाही. माणसं रुसतात."

रुसणारं माणूस म्हणजे त्यांचे प्रोफेसर, असं विभागात सगळे धरून चालले होते. प्रोफेसर वॉरिक सत्तरी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. या चॅपेलवर त्यांनी तरुणपणी पुस्तक लिहिलं होतं. हे चॅपेल एकाच कारागिराच्या देखरेखीखाली, एका दमात बांधलं गेलं आणि इथेही जसंच्या तसं उभं राहिलं, असं त्यांचं म्हणणं. त्या पुस्तकावर त्यांचं नाव झालं होतं. ताईंच्या प्रबंधाचं म्हणणं नेमकं उलटं. हे चॅपेल दोन वेगवेगळ्या इमारतींच्या दगडांतून जुळवलेलं आहे, आणि त्याचा पुरावा उत्तरेकडच्या भिंतीत आहे. त्या भिंतीच्या मधोमध दगडांच्या थरांमध्ये चार सेंटिमीटरची पायरी होती. डावीकडचा थर उजवीकडच्या थराला मिळतच नव्हता. साध्या डोळ्यांना ते कळत नसे, कारण नेमक्या त्याच जागी भिंतीला बाहेर आलेला अर्धा खांब होता. कळलं होतं ते स्कॅनरमुळे.

आणि तो स्कॅन मी केला होता. लेझर स्कॅनर एका जागी ठेवायचा, भिंत टिपायची, मग दुसऱ्या जागी ठेवायचा. भिंतीवर चौकटीचौकटीचे कागद चिकटवलेले असतात, त्यांच्या आधाराने सगळे तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. माझं हे पुण्यातलं रोजचं काम. ताईंनी विश्वासाने दिलं, मी दोन दिवसांत करून दिलं. चार सेंटिमीटरची पायरी मीच प्रथम दाखवली होती. त्या दिवशी ताईंनी मला घरी नेऊन पाटवडी रस्सा खाऊ घातला होता.

दीड वर्षाने, ताईंच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा मंगळवारी होती आणि आधीच्या शुक्रवारी मी भिंतीचं मोठं चित्र छापायला घेतलं होतं. स्क्रीनवर चित्र मोठं करत असताना माझं लक्ष खालच्या कडेला गेलं. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक आहे. सलग, एका फळीचा, अगदी अलीकडचा. प्रबंधात बाकाचं काम नव्हतं, म्हणून आम्ही नेहमी तो कापून टाकत असू. त्या दिवशी कापायचा राहिला होता. बाकाच्या पाठीलाही मधोमध पायरी होती. मी मोजली. चार सेंटिमीटर.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. मग आठवलं. स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा एक कागद खाली पडलेला होता. झाडूवाल्यांचा धक्का लागला असेल. मी तो उचलून अंदाजाने पुन्हा चिकटवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. त्याच्या आधाराने जोडलेला अर्धा भाग चार सेंटिमीटर सरकला होता; भिंत सरळ होती. पायरी माझ्या हातून पडलेली होती.

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते आज लिहायला लाज वाटते. माझा स्टुडंट व्हिसा उन्हाळ्यात संपत होता. पीएचडीसाठी मी वॉरिकांच्याच विभागात अर्ज केला होता आणि निर्णय पुढच्या पंधरवड्यात होता. प्रबंध परीक्षकांनी वाचून झाला होता, त्यांना पायरी पटलीही होती. बाक कापलेलं चित्र छापलं, तर कुणालाच काही दिसणार नव्हतं. शनिवार मी तसाच घालवला. ताईंचा मेसेज आला, "उद्या जेवायला ये, प्रेझेंटेशन रिहर्स करू." मी अंगठा पाठवला.

रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीला लॅपटॉप जोडलेला होता. काका सोफ्यावर घड्याळ धरून बसले होते. ताई उभ्या राहून इंग्रजीत बोलत होत्या, पाठ केल्यासारखं नाही, एकेक पुरावा समोर ठेवत. सातव्या स्लाइडवर भिंत आली. "This is where the building tells us," असं त्या म्हणाल्या आणि मी म्हटलं, "ताई, थांबा."

मी सांगितलं. लॅपटॉपवर बाकाचं चित्र उघडून दाखवलं. पडलेला कागद सांगितला. ताई टीव्हीजवळ गेल्या आणि बाकाच्या तुटलेल्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं.

"किती?"

"चार."

"सगळंच?"

"सगळंच."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काका उठले, गॅस बंद करून परत आले. ताई तशाच उभ्या होत्या.

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कागद पडला, तू लावला, चूक झाली. माझ्याही हातून झाली असती. पण हे दोन दिवस माझे होते, मेघना. ते काहून घेतलेस?"

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

काकांनी मधला मार्ग काढून पाहिला. "नलू, ऐक. वॉरिक या सेमिस्टरनंतर रिटायर होऊन राहिले. आता कॅन्सल केलंस, तर पुढे तुला गाइड कोण? मंगळवार होऊन जाऊ दे. डिग्री घे, मग करेक्शन पब्लिश कर. परीक्षकांनी वाचलंय, कोणी बाक पाहणार आहे का?"

"मी पाहिला ना," ताई म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी पानं वाढली. आम्ही तिघं जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघी चॅपेलमध्ये होतो. पोलादी टेप, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तशी. नळीचं एक टोक मी खांबाच्या डाव्या बाजूला धरलं, दुसरं ताईंनी उजव्या बाजूला. दोन्हीकडचं पाणी एकाच थराच्या एकाच सांध्यावर येऊन थांबलं. मला आशा होती, की अर्धा सेंटिमीटर तरी फरक निघेल. "ताई, मला वाटतं इथे थोडंसं..." मी म्हणाले.

"तुझं मत नको. माप सांग."

"शून्य," मी म्हणाले. त्यांनी वहीत शून्य लिहिलं.

तिथेच चॅपेलच्या दारातल्या पायरीवर बसून त्यांनी वॉरिकांना मेल लिहिला. माझं नाव कुठेही न घालता, की उत्तरेच्या भिंतीची मोजणी चुकीची आहे, तिसरं प्रकरण उभं राहू शकत नाही. दुपारी एका ओळीचं उत्तर आलं: "मग उद्या तसं सांगा." ती ओळ आम्ही दोघींनी कितीदा वाचली असेल. राग होता, समाधान होतं की नुसता थकवा, काही कळेना. ज्यांचं पुस्तक खोडायला ही बाई पाच वर्षं झटली, त्यांच्या हातात तिने आपणच मान दिली होती.

मंगळवारी खोली भरलेली होती. समोर चार परीक्षक, मधोमध वॉरिक. मागे विभागातली पंचवीस-तीस माणसं, त्यांत शेवटच्या रांगेत काका आणि मी. ताई करड्या रंगाची साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी स्लाइड सुरूच केल्या नाहीत. "सुरुवातीला मला माझी एक चूक सांगायची आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि पाच मिनिटांत आपल्या प्रबंधाचा कणा स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवला. बाक दाखवला. शून्य दाखवलं.

एका परीक्षक बाईंनी प्रबंध चाळत विचारलं, "स्कॅनचं काम तुम्ही केलंत, की आणखी कुणी?" ऋणनिर्देशाच्या पानावर माझं नाव होतं. पान त्यांच्यासमोर उघडं होतं. वॉरिकांनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं, असं मला वाटलं.

ताई म्हणाल्या, "चित्राखाली माझी सही आहे. ते मी तपासायला हवं होतं. तपासलं नाही, कारण मला ते हवं होतं."

मी उठून उभं राहायला हवं होतं. माझे दोन्ही हात खुर्चीच्या कडेला होते, उठण्यासाठी रेटा द्यावा तसे. मी उठले नाही. प्रश्न पुढे सरकला. ताई उरलेल्या पुराव्यावर बोलत राहिल्या आणि मी बसून राहिले.

निर्णयासाठी आम्हाला बाहेर थांबवलं. कॉरिडॉरमध्ये एक बाक होता, त्यावर ताई बसल्या. काका पाण्याची बाटली आणायला गेले. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मी म्हणाले, "ताई, मी उठायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या "जाऊ दे" म्हणतील. "उद्या सकाळी वॉरिकांच्या ऑफिसात जाऊन सांग. माझ्यासाठी नको. मला त्याने काही मिळत नाही. तुला हे घेऊन इमारती मोजत फिरायचंय पुढे. नाहीतर हात थरथरत राहतील तुझे."

पदवी त्या दिवशी मिळाली नाही. तिसरं प्रकरण काढा, भिंत हाताने पुन्हा मोजा, जे उरेल त्यावर वर्षभरात परत या, असा निर्णय झाला. वॉरिक बाहेर आले आणि ताईंना म्हणाले, "मी निवृत्त होतोय, मरत नाहीये. जूनपासून सुरू करा." एवढं बोलून ते चालू लागले. काकांनी डोळे पुसले. ताईंनी नाही.

दुसऱ्या दिवशी मी वॉरिकांच्या ऑफिसात जाऊन कागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "कागद पडल्याची नोंद ठेवली होती?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "यापुढे ठेवा," ते म्हणाले आणि समोरचं पुस्तक उघडलं. त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही. का, ते कधी कळलं नाही, आणि विचारण्याचं तोंडही मला नव्हतं. शिकून झाल्यावर वर्षभर नोकरी करायची परवानगी मिळते, त्यावर मी एडिसनच्या एका ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात पीएचडीला गेले.

पण त्या उन्हाळ्यात माझे सगळे शनिवार-रविवार चॅपेलमध्ये गेले. लाकडी परांची बांधली होती. ताई वर चढायच्या, मी खालून आकडे लिहायची. एकही आकडा त्या एकदा सांगून सोडत नसत. त्या सांगणार, मी परत म्हणणार, त्या पुन्हा टेप लावणार. पहिले काही आठवडे आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत, डबाही दोघींचा आणायच्या, पण खालच्या थरांचं मी घेतलेलं माप त्या पुन्हा स्वतः घ्यायच्या आणि मी ते मुकाट्याने पाहायची. जुलैच्या शेवटी एका रविवारी मी एक आकडा सांगितला आणि त्यांनी टेप न उघडता वहीत उतरवला. मी टेप गुंडाळायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

भिंत सलग निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यापुरतं वॉरिकांचं बरोबर होतं. ताईंनी नव्या प्रबंधात पहिल्याच पानावर तसं लिहिलं. पण वरच्या एका खिडकीच्या कमानीत, जिथे खालून नजर नीट पोचत नाही, अकरा दगड असे मिळाले, की ज्यांवरची खूण साऱ्या चॅपेलमध्ये दुसरीकडे कुठेच नव्हती आणि ज्यांच्या अंगावर छिन्नीचे घावही वेगळ्या हाताचे होते. ती खिडकी दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीची होती. एवढंच. दोन इमारतींच्या जागी एक खिडकी. "पाच वर्षांत एक खिडकी," काका चिडवायचे. "माझी आहे ना पण," ताई म्हणायच्या. दुसऱ्या परीक्षेत कुणी फार प्रश्न विचारले नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या.

त्यांना कुठे प्राध्यापकी मिळाली नाही, मिळेल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. मुलगी रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होती, तिला बाळ होणार होतं. पिस्कॅटवेचं घर आवरून दोघांनी तिकडे जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या चॅपेल बघायला आल्या, मीही सुट्टी काढून गेले होते. आम्ही आत उभ्या असताना वॉरिक आले. हातात काठी होती. ती खिडकी त्यांनी प्रबंधातल्या फोटोंतच पाहिली होती. गुडघ्यांमुळे ते परांचीवर कधी चढले नव्हते, आणि परांची तर आता उतरवलेली होती. कोपऱ्यात दिवे बदलायची शिडी होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "मला ते अकरा दगड दाखवा."

ताईंनी नको म्हणून पाहिलं. त्यांनी काठी माझ्याकडे दिली. शिडी खिडकीखाली लावली आणि ते चढायला लागले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून, थांबून. वर पोचले तेव्हा त्यांचा श्वास आम्हाला खाली ऐकू येत होता. त्यांनी एक हात सोडला आणि अंगठ्याने पहिला दगड चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "मी इथे चाळीस वर्षांपूर्वी चढायला हवं होतं."

ताईंनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, खांदाही लावला होता. त्या हळूच मला मराठीत म्हणाल्या, "पाय थरथरून राहिलेत त्यांचे. तू त्या बाजूने धर."

मी काठी खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली. ते अकराही दगड बघून, सावकाश उतरून, जमिनीवर पाय टेकेपर्यंत आम्ही दोघींनी शिडी सोडली नाही.